राखाडी पडद्यातले पट्टे

सातपूरच्या एका प्रेसमध्ये मी प्रीप्रेस सांभाळते. मशीनवर जाण्याआधी प्रत्येक फाइल शेवटची माझ्या हातून जाते. दिवाळीच्या तोंडावर येवल्याहून एक पैठणी विणणारे काका कॅटलॉग छापायला आले. पिशवीत खरी साडी होती, राणी रंगाची, रुपेरी जरीची. "पोरी, छापलेलं हिच्याशेजारी ठेवून बघणार आहे मी," म्हणाले.

पहिलं प्रूफ मला चांगलं वाटलं. काकांनी ते खिडकीशी नेलं आणि साडी सोडून तिच्यामागच्या पडद्यावर बोट ठेवलं. फोटोतला तो पडदा राखाडी, वर फिका, खाली गडद होत गेलेला.

"यात पट्टे आहेत. राखाडी, मग गुलाबीसर, परत राखाडी. अंतर बघ, मापून घेतल्यासारखं. मागावर चूक अशी ठरावीक अंतरानं दिसली की मी रंगाऱ्याकडे जात नाही, मागाची बांधणीच तपासतो."

मी तोवर मॅजेंटा शाई जास्त पडतेय असं धरून बसले होते. काकांच्या त्या वाक्यानं माझा दिवस वाचला.

स्क्रीनवरचा रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 मधले तीन आकडे. त्यांच्या जुळण्या होतात 1,67,77,216. प्रत्येकीसाठी सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी शाई किती हे छापून मोजायला जन्म पुरणार नाही. आम्ही 1617 चौकोन छापून मोजतो. त्यावरून प्रोफाइल बनते, म्हणजे कोणत्या शाईनं कागदावर कोणता रंग उमटतो याची नोंद. आमचा रिप, म्हणजे फाइलचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, फोटोची आणि मशीनची प्रोफाइल आधीच जोडून एक टेबल तयार ठेवतो. हे टेबल म्हणजे ठरावीक बिंदूंचा घन. मधला रंग आला की आजूबाजूच्या बिंदूंवरून शाई काढायची.

मी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीची पट्टी छापली आणि स्पेक्ट्रोनं, म्हणजे रंग मोजायच्या यंत्रानं, मोजली. साधारण दर 32 आकड्यांनी राखाडी शुद्ध, मध्ये गुलाबी झाक. सेटिंग उघडलं. घनाच्या एका बाजूला फक्त 9 बिंदू, म्हणजे सगळे मिळून 729. सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं तेव्हा मीच ते बदलायचं राहिलं होतं.

33 बिंदू करू म्हटल्यावर आमचे शेठ धास्तावले. "35,937 बिंदू? अहो ताई, दिवाळीची कामं रांगेत आहेत. प्रत्येक पान अडकेल."

12 बाय 18 इंचाच्या पानावर 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 1,94,40,000 पिक्सेल होतात, त्यामुळे त्यांची भीती रास्त होती. पण टेबल कितीही मोठं असो, एका पिक्सेलसाठी त्यातले चारच बिंदू वाचायचे असतात. रंग ज्या छोट्या घनात पडतो त्याचे सहा चतुष्फलक (चार कोपऱ्यांचे तुकडे) करतात आणि त्यातल्या एकाचे चार कोपरे घेतात. आठही कोपरे घेण्यापेक्षा हिशेब कमी. आणि यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट: सहाही तुकडे काळ्या-पांढऱ्याचा कर्ण सामाईक ठेवतात. राखाडी रंग त्या कर्णावरच पडतो, म्हणून तो फक्त राखाडी बिंदूंतूनच निघतो, रंगीत कोपऱ्यांची शाई त्यात मिसळत नाही. आमचा रिप हीच रीत वापरतो, पण दोन बिंदूंमध्ये 32 आकड्यांचं अंतर असेल तर शाईचं वळण मध्येच निसटतं. 8 च्या अंतरात ते सापडतं.

शेठ घड्याळ घेऊनच उभे राहिले. नवं टेबल बनायला थोडा वेळ गेला, तेवढाच. पानाला पूर्वीइतकाच वेळ लागला.

दुसरं प्रूफ रंग तपासायच्या 5000 केल्विनच्या दिव्याखाली साडीशेजारी ठेवलं. पडदा सलग उतरला होता, साडीची जर स्वच्छ रुपेरी. राणी रंग मात्र कागदावर दबलेलाच होता. मी काकांना सरळ सांगितलं, या चार शाईंत तो पूर्ण बसत नाही, मी बसवू शकणार नाही.

काकांनी पदरावरून हात फिरवला. "तो बघायला माणसं येवल्याला येतील. जर जरीसारखी दिसतेय ना, मग छाप." त्यांनी सही केली आणि पट्टे पडलेलं पहिलं प्रूफ मागून घेतलं. मुलगा नुकताच मागावर बसायला लागलाय, त्याला दाखवायचं होतं.