पुणे ते केडगाव : पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला जाताना

केडगाव दोन आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मोबाईलवर नुसतं 'केडगाव' टाकलं तर नकाशा अहिल्यानगरजवळच्या, देवीच्या केडगावला नेऊ शकतो. आपल्याला हवं ते दौंड तालुक्यातलं; पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेला आश्रम, मुक्ती मिशन, तिथे आहे. पुणे–दौंड डेमू (डिझेलवर चालणारी लोकल) पकडा; उरुळी, यवत, खुटबाव गेलं की केडगाव. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे 'सोलापूरकडची कुठलीही चालेल' म्हणून चढलात तर थेट दौंडला उतराल. स्वतःची गाडी असेल तर सोलापूर महामार्गावर चौफुल्याला डावीकडे वळा. वाट विचारताना 'मुक्ती मिशन' असंच म्हणा, नाहीतर लोक नारायण महाराजांच्या बेटाकडे, म्हणजे त्यांच्या देवस्थानाकडे, बोट दाखवतील. (बेटही पाहावं, पण त्याला वेगळा दिवस ठेवा.)

रमाबाईंनी शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा १८८९ मध्ये मुंबईत काढली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आणली. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या; मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बायका आणल्या, आणि प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्यांना पुण्यात ठेवणं अशक्य झालं. केडगावची शेतजमीन आधीच घेतलेली होती, ती उपयोगी पडली; तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती १,९०० च्या घरात गेली. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन निघालं. रमाबाईंची मुलगी मनोरमा तिथे ब्रेल शिकवायची.

आमच्या मते इथली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या, घरगुती मराठीत आणलं, आणि त्याचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवले ते आश्रमातल्याच बायकांनी. देवनागरीची जुळणी किचकट असते. काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे खिळे, प्रत्येकाचा खण वेगळा, आणि अक्षर उलटं वाचायचं. 'स्त' ऐवजी 'स्व' उचलला की पान प्रुफात परत. काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नसलेल्या बायका हे काम करत होत्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. त्यांची कबर केडगावलाच आहे.

ही आजही राहती संस्था आहे, पर्यटनस्थळ नव्हे. आधी फोन करून परवानगी घ्या, येणाऱ्यांची संख्या आणि वेळ सांगा, ओळखपत्र जवळ ठेवा. रविवारी उपासना असते. बघायला म्हणून जायचं तर दुसरा वार निवडा. मुलांचे फोटो काढूच नका: संरक्षणाखालच्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. खाऊ वाटायची हौसही आवरा. काय लागतं ते कार्यालयात विचारून तिथेच द्या आणि पावती घ्या.

परतीची डेमू उतरल्या उतरल्याच स्टेशनवर बघून ठेवा. दोन गाड्यांमध्ये मोठी फट असते. चुकलीच तर चौफुल्यापर्यंत रिक्षा करा, तिथून पुण्याची एसटी मिळते.