फ्रेंच टोस्ट, परभणी आवृत्ती: आता मोर्चा ब्रेडकडे

मंडळी, फ्रेंच टोस्टसाठी ब्रेड ज्यात बुडवतो, त्या अंड्या-दुधाच्या प्रमाणाचा घोळ मिटलाय. एका अंड्याला साधारण 60 मिली दूध, अर्धा चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. त्यात आता हात घालायचा नाही असं ठरवलंय. साखर तेवढी वाढवू नका, तव्याला लागते आणि करपते. सध्याची सगळी खटपट चाललीय ती ब्रेडवर आणि आचेवर.

पातळ कापलेला पॅकबंद ब्रेड मी जवळपास सोडूनच दिला. दुधात बुडवला की लगेच लगदा, आणि उचलताना कोपरा हातात येतो. त्यापेक्षा गल्लीतल्या बेकरीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, की एक ब्रेड न कापता द्या. त्याला आधी नवल वाटलं, आता तो माझा अख्खा ब्रेड आपणहून बाजूला ठेवतो. घरी आणून दोनेक सेंटिमीटर जाडीचे स्लाइस कापायचे आणि चाळणीवर उघडे पसरायचे. आमच्याकडे मुंग्या फार, म्हणून परातीत पाणी, त्यात पालथी वाटी आणि वाटीवर चाळणी. सकाळपर्यंत ब्रेड सुरक्षित.

फ्रिजमध्ये ठेवून शिळा करायचा सल्ला बरेच जण देतात. फ्रिजच्या थंडाव्यात ब्रेडमधला स्टार्च लवकर आवळतो हे खरंय, ब्रेड कडक लागतो. पण पिशवी बांधून ठेवली असेल तर ओलावा आतच राहतो. आपल्याला दूध शोषायला जागा हवी, म्हणजे वाळलेला ब्रेड हवा. इथं मराठवाड्याची हवा आपल्या बाजूनं आहे. मे महिन्यात तर रात्रभर ठेवायचीही गरज नाही. पंख्याखाली दोन-तीन तास ठेवला की झालं काम, आणि विसरलात तर चहात बुडवायला टोस्ट तयार. पावसाळ्यात मात्र बुरशीची भीती, म्हणून सकाळीच मंद तव्यावर कोरडा शेकून घेतो.

किती वेळ बुडवायचं याचं मिनिटांत उत्तर देता येत नाही. घरी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ, करणाऱ्यांना हे सांगायला नको, चुरमुरे पाण्यातून कधी काढायचे ते हातालाच कळतं. तसंच इथं. स्लाइस उचलला की मधोमध किंचित वाकला पाहिजे; लोंबायला लागला तर जास्त भिजला, फळीसारखा ताठ राहिला तर आत कोरडाच आहे.

आता आच. दूध-अंड्याचं मिश्रण साधारण 80 अंशांपर्यंत घट्ट होतं. वरचा खरपूस तपकिरी रंग मात्र 140 अंशांच्या पुढे नीट धरतो. म्हणजे बाहेर एक तापमान, आत दुसरं, आणि जाड स्लाइसमध्ये उष्णता आत पोचायला वेळ लागतो. गॅस मोठा केला की रंग झकास येतो आणि मध्ये कच्चं अंडं वाहतं. मी बिडाचा सपाट तवा चांगला तापवून गॅस बारीक करतो, दोन्ही बाजू तीन-चार मिनिटं, आणि शेवटी मिनिटभर झाकण. उलथन्यानं मधोमध दाबलं आणि काही बाहेर आलं नाही, की उतरवायचं. भाकरीचा खोलगट तवा या कामाला नको, सगळं मिश्रण मध्ये गोळा होतं.

लोण्याऐवजी साजूक तूप वापरतोय. लोण्यातले दुधाचे कण करपून काळे ठिपके पडतात, तुपात ते कण नसतातच. लोण्याचा वास हवाच असेल तर उतरवल्यावर वरून फिरवा. आई म्हणते, "घरात तूप असताना लोणी कशाला लागतंय रे बाबा?" आणि मुद्दा बिनतोड आहे.

श्रावणात घरात अंडं बंद, तेव्हा कस्टर्ड पावडर. ही पावडर मुळात बिनअंड्याचीच. 1837 साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्डनं ती केली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. कपभर गार दुधाला चमचाभर पावडर आणि तेवढंच बेसन. दर स्लाइसला मिश्रण ढवळायचं, नाहीतर पीठ तळाशी बसतं आणि पहिल्या स्लाइसला नुसतं दूध लागतं. रंग सुंदर येतो, पण अंड्याचा मऊपणा नाही, हे मान्य करून टाकू.

वर काय घालायचं? मध सगळेच घालतात, रोमन लोकसुद्धा दुधात भिजवून तळलेल्या पावावर मधच ओतायचे. मला हंगामात बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ आवडतं. गर बिया काढून गारच घालायचा. मिश्रणात ढवळून तव्यावर नेऊ नका, उष्णतेनं तो कडवट होतो. जालन्याच्या मोसंबीच्या सोललेल्या फोडीही छान लागतात, पण रस काढून ठेवू नका, तोही थोड्या वेळानं कडू होतो.

पुढचा प्रयोग तिखटाचा, लेकीची फर्माइश आहे. साखर काढून हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर काळा मसाला. कांदा मिश्रणात नकोच, पाणी सुटतं आणि स्लाइस उलटताना सगळा तव्यावर राहतो. बारीक चिरून, परतून, वरून घालायचा विचार आहे. कुणी लादीपाव वापरून केलं असेल तर जाडी किती ठेवली ते सांगा.