लाइन काढा, मग औषधाचं बोला

आज राउंडला पुन्हा तोच प्रश्न: ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची चाचणी) कॅन्डिडा, म्हणजे यीस्ट जातीची बुरशी, आलाय, फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध चालू आहे, तरी ताप का उतरत नाही? कारण सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, तशीच आहे. नळीच्या आतल्या भिंतीवर यीस्टचा बुळबुळीत थर बसतो आणि त्यातलं बीटा-ग्लुकान (एक साखरेची साखळी) औषधाला वाटेतच धरून ठेवतं. लॅबचा रिपोर्ट ‘सेन्सिटिव्ह’ म्हणतो, पण ती चाचणी सुट्या पेशींवरची असते, थरातल्या नव्हे.

शक्य तितक्या लवकर लाइन काढा. कॅस्पोफंजिन (दुसरं बुरशीविरोधी औषध) पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, पुढे रोज ५०, सलाइनमधून तासाभरात. डेक्स्ट्रोजमध्ये मुळीच नको, त्यात ते टिकत नाही. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन या आणखी एका बुरशीविरोधी औषधाचं नेमकं उलटं: ते ५% डेक्स्ट्रोजमध्येच, सलाइनमध्ये गाळ धरतं. नाइट ड्यूटीच्या सिस्टरना हे बाटलीच्या लेबलवर लिहूनच द्या, प्लीज.

कल्चर रोज किंवा एक दिवसाआड. उपचाराचे १४ दिवस मोजायचे ते पहिलं निगेटिव्ह कल्चर आल्यापासून, औषध सुरू केल्यापासून नव्हे. आठवड्याभरात डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

लघवीच्या नळीत कॅन्डिडा आहे पण लक्षणं नाहीत, तर बहुतेकदा नळी काढणं पुरे. पांढऱ्या पेशी फार घटल्या असतील किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर मात्र औषध लागतं.