कालाकुंडचा कलाकंद

आज आईला घेऊन महूजवळच्या पातालपानीहून पर्यटकांच्या हेरिटेज गाडीने कालाकुंडला जाऊन आलो. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा कुठे १८७८ च्या सुमारास ही खंडवा-इंदूर मीटरगेज (एक मीटर रुंद रुळांची) लाइन उभी राहिली. पातालपानीचा घाट इतका खडा, की वर चढणाऱ्या गाडीला कालाकुंडलाच मागून जादा इंजिन लावायचे.

स्टेशनवर कलाकंद अजूनही पळसाच्या पानात मिळतो. छान दाणेदार! आई म्हणाली, खंडव्याला माहेरी जाताना तुझे बाबा खिडकीतूनच घ्यायचे.

रोजच्या गाड्या मात्र २०२३ मध्ये ब्रॉडगेजच्या, म्हणजे जास्त रुंद रुळांच्या, कामासाठी बंद झाल्या. पर्यटकांची गाडी चालू राहावीच, पण गावाला रोजची गाडी हवी हो! दूध विकायला, दवाखान्यात जायला तीच तर होती.