कुंभार्ली घाट, जुनी गाडी आणि मुका फॅन

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कराडची वाट धरली की शिरगाव-पोफळीपर्यंत कुठल्याही गाडीला घाम फुटत नाही. खरी परीक्षा पुढे कुंभार्ली घाटात. भरलेल्या ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त रेडिएटरच्या फॅनवर. आमच्या पंचविशी ओलांडलेल्या गाडीचा तापमानाचा काटा तिथेच लालकडे सरकू लागला आणि फॅन मुका.

आधी हीटर पूर्ण उघडला (मे महिन्यात ही शिक्षाच, पण इंजिनची उष्णता निघते), मग रुंद जागा बघून थांबलो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं.

बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि फॅनचा स्विच वेगळा. सेन्सर बहुधा एका वायरचा, तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. स्विच बहुधा दोन पिनांचा, ९०-९५ अंशांच्या आसपास आतून जुळून फॅन चालू करणारा. काटा चढत होता, म्हणजे सेन्सर जिवंत. स्विचचं सॉकेट काढून त्याची दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडली, चावी फिरवली आणि फॅन घुमला! म्हणजे मोटर, फ्यूज ठीक, स्विच गेलेला. (एकाच पिनचा स्विच असेल तर ती वायर बॉडीला टेकवून बघा. तरीही फिरला नाही तर फ्यूज, मग मोटरला थेट बॅटरी.) जोडावर टेप गुंडाळून हेळवाक गाठलं. थांबल्यावर जोड काढायचा. काही गाड्यांत चावी बंद असूनही फॅन चालतो आणि बॅटरी उतरते. आणि बोटं पात्यांपासून लांब.

कराडला कारण सापडलं. कुणीतरी पूर्वी रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) काढून फॅनचा सगळा करंट स्विचमधूनच नेला होता, कॉन्टॅक्ट जळणारच. आता बॅटरीवरून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० नंबर पिनला, ८७ वरून फॅनला, ८६ ला चावीची लाइन, ८५ वरून स्विचमार्गे बॉडीला. नवा स्विच घेताना अंगावर छापलेले अंश जुन्याशी जुळवा. एका वायरच्या सेन्सरला आट्यांतूनच अर्थिंग मिळतं, तिथे टेफ्लॉन टेप नको.

कूलंट भरल्यावर हवा नीट काढा. स्विचभोवती हवा अडकली तर नवाकोरा स्विचही वेळेवर जुळत नाही. घाटाला लागण्याआधी चिपळुणातच गाडी उभी ठेवून इंजिन चालू द्या. फॅन एकदा आपोआप लागून बंद झाला की मगच निघा.