मुलीच्या चित्रकादंबऱ्या मी का वाचते

‘मुलीची ती कॉमिक्स तुम्ही स्वतः बसून का वाचता?’ हा प्रश्न मला शाळेच्या फाटकापाशी इतर पालक विचारतात आणि चतुर्थीला जमलेले नातेवाईकही विचारतात. चित्रांची चटक लागली की मुले ‘खऱ्या’ पुस्तकांकडे फिरकणार नाहीत, ही त्यामागची काळजी मला कळते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मुलीवर लक्ष ठेवण्यासाठी नव्हे, तर मला ती मनापासून आवडतात म्हणून मी वाचते.

तिची सर्वांत लाडकी आहे जेफ स्मिथ यांची ‘बोन’. 1991 ते 2004 या काळात 55 अंकांतून पूर्ण झालेली ही कथा गावातून हाकलल्या गेलेल्या तीन भावंडांची आहे. तिच्यात हिवाळा हळूहळू येत नाही. सगळा बर्फ एकदम, एका ढिगासारखा, धप्पकन कोसळतो. गोव्यात वाढलेल्या माझ्या मुलीने बर्फ कधी पाहिलेला नाही, तरी ते पान पाहताच ती म्हणाली, ‘आई, हा आपल्या पहिल्या पावसासारखा आला.’ दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत जे घडते ते चित्रकार काढत नाही, वाचकाला ते मनात घडवावे लागते. तिने तिथे जूनमधला पाऊस घातला. स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 साली कॉमिक्सवरच्या आपल्या पुस्तकात याच मोकळ्या जागेचे महत्त्व उलगडून दाखवले. हे वाचन नव्हे, असे मला कोणी पटवू शकणार नाही.

आम्हा गोवेकरांना तर चित्र वाचण्याची सवय आहेच. लोटलीच्या मारियो मिरांडा यांचे गर्दीचे एखादे चित्र घ्या. दहाव्यांदा पाहतानाही एखादा कोपऱ्यातला माणूस नव्याने सापडतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र आम्ही ‘भीमायन’वर घालवला. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या या 2011 सालच्या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत, आणि त्यात ठरावीक चौकोनी चौकटी नाहीतच. जातीचा जाच सोसणाऱ्यांचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, तर विषारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. शाळेत पाणी नाकारल्या गेलेल्या तहानलेल्या भीमाचे धड मासा होते. मी मजकूर वाचत भराभर पुढे जात होते. मुलीने माझा हात धरून मला त्या माशापाशी थांबवले. तहान या शब्दाने जे माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते, ते त्या माशाने पोहोचवले.

आणि ‘खऱ्या’ पुस्तकांचे म्हणाल, तर ‘भीमायन’ ज्या आठवणींवर बेतलेले आहे त्या बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनाची मागणी तिनेच केली, आणि आम्ही ते शेजारी बसून वाचले. नात्झी छळछावण्यांतून वाचलेल्या वडिलांची कहाणी उंदीर-मांजरांच्या रूपात सांगणारी, 1992 साली विशेष पुलित्झर मिळालेली आर्ट स्पीगेलमन यांची ‘माउस’ मात्र मी आधी एकटीने वाचली आहे. मुलगी थोडी मोठी झाली की आम्ही दोघी मिळून ती पहिल्या पानापासून वाचणार आहोत.