इंजिन जाम आहे म्हणून ट्रॅक्टर भंगारात देऊ नका

"इंजिन जाम आहे, आता काही उपयोग नाही" असं म्हणून कोणी जुना ट्रॅक्टर भंगारात काढला की मला खरंच वाईट वाटतं. बऱ्याचदा झालेलं एवढंच असतं की उभ्या सायलेन्सरमधून पावसाचं पाणी आत गेलं, ट्रॅक्टर बंद करताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता त्यात ते साठलं आणि पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरून बसल्या. बाकीचे सिलिंडर अगदी ठणठणीत असू शकतात. सायलेन्सरवर साधा डबा उपडा घातला असता तरी हे टळलं असतं!

जुने ट्रॅक्टर दुरुस्त करणं हा माझा छंद, आणि त्यात मला सगळ्यात जास्त आवडतं ते जाम इंजिन सोडवणं. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल पातळ ऑइल मिसळून ओतायचं आणि सोडून द्यायचं, आठवडाभर, लागलं तर महिनाभर. मधेमधे टॉर्च मारून बघायचं, पातळी उतरत असेल तर छानच, म्हणजे ऑइल रिंगांच्या कडेने खाली झिरपतंय. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवत राहायचं. फॅनचा पट्टा केसभर सरकला तरी काम झालंच समजा, पुढचं सगळं वेळेचं काम. पण दुसऱ्या गाडीला बांधून ओढायचं नाही, प्लीज. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकला की जे फुकटात सुटत होतं ते मोठ्या खर्चात जातं. आणि चाक हलवायच्या आधी वरचं रॉकर कव्हर काढून व्हॉल्व्ह मोकळे आहेत ना ते बघा, एखादा अडकलेला असेल तर पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वाकतो. इंजिन सुटलं की चेंबरचं (इंजिनच्या तळाचं) ऑइल पूर्ण बदला, कारण वर ओतलेलं सगळं खालीच उतरलेलं असतं.

त्यानंतर डिझेल लाइनची एअर काढायची. क्रम महत्त्वाचा, टाकीकडून इंजिनकडे यायचं: आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की घट्ट, मग डिझेल पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून स्टार्टर मारायचा. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीच नेऊ नका, त्या प्रेशरने डिझेल कातडीच्या आत जातं. पहिल्यांदा चालू करताना हवेच्या पाइपवर दाबून धरायला एक सपाट फळी जवळ ठेवा. डिझेल पंपाचा रॅक (किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी दांडी) अडकला असेल तर इंजिन सुसाट सुटतं आणि तेव्हा स्टॉपची तार ओढूनही उपयोग नसतो, हवा बंद केली तरच थांबतं.

छंद सुरू करायला ट्रॅक्टर कोणता घ्यावा? माझं मत फर्ग्युसन टीई-२०. १९४६ ते १९५६ मधे ५ लाखांच्या वर बनलेत, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. त्याला वेगळी चेसिस नाही, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना बोल्टने जोडून तोच सांगाडा, त्यामुळे क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो (दोन्ही भागांना भक्कम टेकू द्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका). पण हॅरी फर्ग्युसनने त्यात बसवलेली, मागची अवजारं उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट बघितली की मी अजूनही थक्क होतो. नांगर खोल रुतला की टॉप लिंकवर (नांगराला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या वरच्या दांड्यावर) दाब वाढतो, तिथली स्प्रिंग दबते आणि लिफ्ट आपोआप नांगर थोडा वर घेते, शिवाय ते वजन मागच्या चाकांवर येऊन पकडही वाढते. कुठे सेन्सर नाही की वायर नाही, नुसती स्प्रिंग, दांडा आणि व्हॉल्व्ह!

या लिफ्टचा पंप पीटीओच्या (मागच्या अवजारांना इंजिनची ताकद देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. म्हणून लिफ्ट उचलत नाही असं वाटलं तर आधी पीटीओचा लिव्हर टाकलाय का बघा, मग ऑइलची पातळी आणि रंग बघा. गिअरबॉक्स आणि लिफ्ट दोघांचं ऑइल एकच असतं, ते दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय, सगळं काढून नवीन भरा. एवढं सगळं बघून झाल्यावरच पंप उघडायचा विचार करा.